मेहेरभाऊंची पडलेली गावं

गुरुवार, एकोणतीस जानेवारी, सकाळी साडेदहा. स्थळ: बोईसर, एका झेरॉक्सच्या दुकानावरचं घर, त्यातली पुढची खोली. हजर: मी, नकाशे काढून देणारे हरेश्वर मेहेर, त्यांच्या पत्नी हिरावहिनी, एक जुना संगणक, भिंतीवरचं एक होकायंत्र. गैरहजर: माझा नकाशा, जो आज मिळायचा होता.

हजेरी घेतल्याशिवाय मला काम सुरू करता येत नाही. पालघरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी चोवीस वर्षं भूगोल शिकवते आणि त्यातली बावीस वर्षं स्टाफच्या सभांचं इतिवृत्त लिहिते. माझ्या पर्समध्ये कायम एक यादी असते. यादीतलं काम झालं की मी त्यावर बरोबरची खूण करते आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. त्यामुळे मेहेरभाऊंसारख्या माणसाशी माझं जमणं कठीण होतं. जमलं, ही गोष्ट वेगळी.

मेहेरभाऊंच्या खोलीत खुर्ची दिसली म्हणून लगेच बसायचं नसतं. आधी त्यांचा प्रश्न येतो, "उत्तर कुठं हाय?" नवा माणूस गोंधळून पंख्याकडे बघतो, दाराकडे बघतो. मग मेहेरभाऊ भिंतीवरच्या होकायंत्राकडे बोट दाखवतात (ते पितळी स्क्रूने बसवलेलं आहे, लोखंडी खिळ्याने सुई बिघडते), खुर्ची त्या दिशेला फिरवतात आणि म्हणतात, "आता बसा. नकाशात उत्तर वर असते. तुमी दक्षिणेला तोंड करून बसलात तं नकाशा डोक्यात उलटा जाईल." एकदा एका कारखान्यातले जाडजूड साहेब न विचारताच बसले होते. मेहेरभाऊंनी त्यांना खुर्चीसकट फिरवलं. वय सहासष्ट, वजन बेचाळीस किलो. कसं फिरवलं देव जाणे.

डावं आणि उजवं हे शब्द त्या घरात चालत नाहीत. माझ्यासमोर त्यांनी वहिनींना सांगितलं आहे, "चष्मा बघ, टीव्हीच्या ईशान्येला असेल." वहिनी पदराला हात पुसत मला म्हणाल्या, "याला इचारा उत्तर कुठं हाय, झोपेत सांगील. साखर कुठं हाय ते चाळीस वर्षांत कळलं नाय."

"साखर तू रोज हलवतेस," मेहेरभाऊ म्हणाले. "उत्तर हलत नाय."

ते मूळचे तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावातले. वडिलांची होडी होती, दोघे भाऊ दर्यावर जायचे, आणि यांना होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची. गावात ही बातमी लपवण्यासारखी नव्हती. वडिलांनी तीन वेळा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा यांना काठावर ठेवून गेले. काठावर बसून यांनी वाळूत काडीने होड्यांचे मार्ग काढले. पुढे बोईसरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन झाले. तीस वर्षं पाइप, टाक्या आणि शेडचे आराखडे काढले, आधी हाताने, मग संगणकावर. निवृत्त झाल्यावर व्हिडिओ बघून नकाशाचं सॉफ्टवेअर शिकले. आता डहाणूपासून जव्हारपर्यंतचे एम.ए., पीएच.डी. करणारे विद्यार्थी जिना चढून त्यांच्याकडे येतात, कारण प्रत्येक प्रबंधात 'अभ्यासक्षेत्राचा स्थाननकाशा' लागतो: भारतात महाराष्ट्र कुठे, महाराष्ट्रात पालघर कुठे, पालघरमध्ये आपलं गाव कुठे.

मीही त्यातलीच. एक्कावन्नाव्या वर्षी पीएच.डी. करण्याची दुर्बुद्धी मला झाली. विषय, मासवण परिसरातल्या पाड्यांवरून होणारं हंगामी स्थलांतर. पंधरा पाडे, चार वर्षं काम, दोनशे ऐंशी पानं. मार्गदर्शक मॅडमनी मसुदा परत पाठवला आणि वर लिहिलं, "स्थाननकाशा कुठे आहे?" भूगोलाच्या बाईला हा प्रश्न म्हणजे स्वयंपाकिणीला 'चूल कुठे आहे' विचारण्यासारखा. मी चिडून सॉफ्टवेअर उतरवलं आणि घरी, केळव्याला, नकाशा स्वतः काढायला बसले.

पहिल्याच दिवशी कळलं की इंटरनेटवरून मी फुकट उतरवलेल्या फायलीत पालघर जिल्हाच नाही. आपला जिल्हा वेगळा होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या फायलीत तो अजून ठाण्याच्या पोटात होता. दुसऱ्या दिवशी पंधरा पाड्यांचे बिंदू टाकले. ते नकाशात कुठेच दिसेनात. शोधत शोधत मागे गेले, तालुका गेला, जिल्हा गेला, देश गेला, आणि माझे पंधरा पाडे सापडले थेट नॉर्वेच्या वर, बर्फाळ समुद्रात.

लॅपटॉप पिशवीत घालून मी बोईसरला आले. उत्तरेला तोंड करून बसले. मेहेरभाऊंनी आधी जिल्ह्याचं दुखणं बघितलं. "कोळगावला जिल्ह्याची एवढी मोठी कचेरी बांधली ती काय ठाण्याच्या नावानं?" असं पुटपुटत आठ तालुके जुळवून आमचा जिल्हा वेगळा काढून दिला. मग पाडे बघितले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पडली!" ते आतल्या खोलीकडे ओरडले. "अगं, बाईंचीपण पडली!"

"भूगोलाच्या बाई असून?" आतून वहिनी.

चूक साधी होती. आपण शाळेत शिकवतो आधी अक्षांश, मग रेखांश, आणि माझा तक्ता त्याच क्रमाने होता. सॉफ्टवेअर आधी आडवं अंतर, म्हणजे रेखांश, मागतं, मग उभं. मी मुकाट्याने पहिला रकाना पहिल्याला जोडला, दुसरा दुसऱ्याला. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आणि आपल्या भागातलं कुठलंही गाव अशी अदलाबदल केली की नेमकं त्या समुद्रात जाऊन पडतं. मेहेरभाऊ म्हणाले, जिना चढून येणारा दर दुसरा विद्यार्थी ही चूक घेऊन येतो.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला आणि माझी चुकीची फाईल त्यावर उतरवून घेतली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"चूक मी ठेवून घेतो."

"कशासाठी?"

"असू द्या. कामाला येते."

मला वाटलं, हा माणूस लोकांच्या चुका जमवतो आणि नवीन पोरांना दाखवून हसतो. उद्या कुणासमोर तरी म्हणेल, ही बघा राऊतबाईंची.  मी यादीत लिहिलं: 'चुकीची फाईल परत मागणे.'

मेहेरभाऊंचा दुसरा छंद म्हणजे उभं राहणं. नकाशात जे ठिकाण दाखवायचं तिथे ते स्वतः जाऊन उभे राहतात. गेल्याशिवाय बिंदू भरीव करत नाहीत. त्यांच्या प्रत्येक नकाशाच्या कच्च्या प्रतीत कोपऱ्यात सूची असते: भरीव वर्तुळ, जाऊन आलो, पोकळ वर्तुळ, जायचं आहे. एकही वर्तुळ पोकळ असेपर्यंत पक्की प्रत निघत नाही. विद्यार्थी रडकुंडीला येतात, "सर, उपग्रहाच्या चित्रात दिसतंय की!" त्यावर ठरलेलं उत्तर: "उपग्रहाला पाय हायत काय?"

माझ्या पंधरा पाड्यांपैकी चौदा त्यांनी दोन आठवड्यांत उभं राहून भरले. एसटीने, टमटमने, एकदा विटांच्या ट्रकमध्ये बसून. या दोन आठवड्यांत हिरावहिनींशी माझी मैत्री झाली आणि त्या घरातलं खरं अडलेलं काम मला कळलं.

त्यांची एकुलती मुलगी दीपा. मायक्रोबायोलॉजी शिकली आणि तीन वर्षांपूर्वी नॉर्वेला नोकरीला गेली. मासळीच्या तपासणीचं काम. "आमच्या सात पिढ्यांनी मासळी पकडली, ही तिला ताप हाय का बघते," वहिनी म्हणाल्या. दीपाला मे महिन्यात सुट्टी होती. आईबाबांनी यावं म्हणून ती पहिल्या वर्षापासून मागे लागली होती. वहिनींचा पासपोर्ट होऊन दोन वर्षं झाली. तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवलेला त्यांनी मला दाखवला. मेहेरभाऊंचा नव्हता.

"आता अर्ज नाय केला तं व्हिसाला दिवस पुरायचे नाय, आणि हा मे पण गेला," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही एकट्या जा ना."

"मी गेले तं याला साखर कोन दाखवील?"

मेहेरभाऊंकडे कारणांचा तुटवडा नव्हता. होडीत उलटी होते तर विमानात काय होईल. कोट कुठून आणायचा. आणि सगळ्यात मोठं कारण: "हिवाळ्यात तिथं दोन-दोन महिने सूर्य उगवत नाय, दीपूच सांगते. जिथं सूर्य नाय तिथं पूर्व कुठली म्हणायची?"

"मे संपताना चोवीस तास असतो," मी भूगोल सांगितला.

"मग तं मावळतच नाय. पश्चिम गेली."

शेवटी म्हणाले, "आधी बाईंचा नकाशा होऊ दे. मग बघू." वहिनींनी माझा हात धरला. "बाई, तुमच्या कागदावर लिवा. तुमी लिवलेलं होतं म्हणतात." मी लिहिलं. क्रमांक सात: मेहेरभाऊंचा पासपोर्ट.

तर त्या गुरुवारी मी नकाशा न्यायला आले तेव्हा एक वर्तुळ पोकळच होतं. टोकपाडा. सोमवारी प्रबंध जमा करायचा होता, छपाई आणि बाइंडिंगला दोन दिवस हवे होते.

"मेहेरभाऊ, मी तिथे दहादा गेले आहे. माझ्या पायांवर भरून टाका."

"तुमचे पाय तुमच्या प्रबंधाला," ते म्हणाले. "बिंदू माजा हाय."

वाद घालण्यात वेळ जाणार, हे ओळखून मी स्कूटर काढली. मागे मेहेरभाऊ, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने माझ्या पर्सचा पट्टा धरलेला. बोईसरच्या वाहतुकीत त्यांनी रस्ता सांगायला सुरुवात केली. "आग्नेयेला घ्या!" मी तीस वर्षं स्कूटर चालवते, पण समोरून टँकर येत असताना आग्नेय शोधण्याचा प्रसंग आला नव्हता. "डावीकडे की उजवीकडे ते सांगा!" "ते तुमी कुठं तोंड केलंय त्याच्यावर हाय!" एका नाक्यावर पाण्याच्या बाटल्या विकणारा भय्या आमचं भांडण ऐकून म्हणाला, "मॅडम, अंकल को आगे बिठा लो." पालघर ओलांडून मनोरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी गप्प झाले. मासवणच्या पुढे कच्च्या रस्त्यावर तेही गप्प झाले, कारण बोलायला तोंड उघडलं की धूळ जायची.

टोकपाड्यावर नऊ घरं. आठांना कुलूप. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात, हे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. नवव्या घराच्या ओट्यावर जानकीबाई बसल्या होत्या. माझ्या ओळखीच्या, गुडघे दुखतात म्हणून मागे राहिलेल्या. मेहेरभाऊ अंगणाच्या मधोमध गेले, चपला काढल्या, आणि हात बाजूला सोडून उभे राहिले. शाळेतल्या प्रार्थनेसारखे.

जानकीबाईंनी जरा वेळ बघितलं. "काय मोजतंय हा?"

"मोजत नाय," मेहेरभाऊ म्हणाले. "उबा राहिलोय."

"ऊन लागंल. सावलीत उबा राह्य. तो पन पाडाच हाय."

मेहेरभाऊंना हे पटलं. ते आंब्याखाली सरकले आणि बंद घरांकडे बघत राहिले. मग थोड्या काळजीने विचारलं, "आजी, याला पाडाच म्हणू ना? माणसं तं कुणी नाय."

"कुलूप हाय ना?" जानकीबाई म्हणाल्या. "सोडून जायचं असतं तं कुलूप कोन लावतंय? होळीला येतील."

मेहेरभाऊ तसेच निघाले. चपला घालायलाही विसरले. स्कूटरपर्यंत अनवाणी आले, मी त्यांना परत पाठवलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही दिशा सांगितली नाही. मी दोनदा मुद्दाम चुकीचं वळण घेऊन बघितलं.

घरी आल्यावर ते संगणकाला बसले आणि मी आत वहिनींबरोबर जेवले. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. अर्ध्या तासाने बाहेरून आवाज आला, "बाई, झाला! मोठा कागद संपलाय, खालून घेऊन येतो. तुमी फाईल उघडून ठेवा, सगळ्यात वरची." आणि ते जिना उतरले.

मी हात धुऊन बसले. सॉफ्टवेअर उघडलं. सगळ्यात वर जी फाईल होती ती उघडली.

ती माझी नव्हती. फाईलचं नाव होतं 'पडलेली गावं'.

पडद्यावर निळा समुद्र होता. खाली नॉर्वेचा कातरलेला किनारा. आणि त्या समुद्रात सगळा आपला मुलूख. केळवे, माहीम, सातपाटी, मनोर, नागझरी, चिंचणी, कोळगाव. शे-दीडशे गावं आणि पाडे. तीन वर्षांत जिना चढून आलेली प्रत्येक चूक. एका कोपऱ्यात माझे पंधरा पाडे, अगदी ओळखीच्या आकारात. टोकपाडासुद्धा, नुकताच भरीव केलेला. किनाऱ्याची गावं सगळ्यात खाली होती, कारण आपला पश्चिमेचा समुद्र तिकडे दक्षिणेला गेला होता. ज्या माणसाला चुकीच्या दिशेची खुर्ची बघवत नाही, त्याने सगळ्या दिशा फिरलेला हा मुलूख तीन वर्षं एकेक बिंदू जपून ठेवला होता.

आणि त्या मुलखाच्या खाली, समुद्र ओलांडून, नॉर्वेच्या जमिनीवर एकच बिंदू होता. ट्रॉम्सो नावाच्या शहरावर. बाजूला लिहिलं होतं, 'दीपू'. त्याच्यापासून समुद्रात पडलेल्या तारापूरपर्यंत एक बारीक लाल रेघ.

वहिनी चहा घेऊन मागे कधी उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. "रोज बघतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दीपूचा फोन झाला की लावतो हे. मला सांगतो, आज आणखी एक गाव गेलं तिच्याजवळ."

जिन्यावर पावलं वाजली. फाईल बंद करायला वेळ होता, पण मी ती तशीच उघडी ठेवली. मेहेरभाऊ कागदाची गुंडाळी घेऊन आले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुंडाळी टेबलावर ठेवली.

"ती नाय तुमची, बाई. दुसरी उघडा."

"ही लाल रेघ किती?"

"तारापूरपासून साडेतीनशे किलोमीटर," ते म्हणाले. "तुमच्या केळव्यापासून जरा जास्त पडेल." मग चष्मा काढून पुसायला लागले. "खरं अंतर साडेसहा हजार हाय. ते पण मोजलंय."

मी कोपऱ्यातली सूची बघितली. तीच नेहमीची. भरीव, जाऊन आलो. पोकळ, जायचं आहे. समुद्रातली सगळी वर्तुळं भरीव होती. जमिनीवरचं एकच पोकळ होतं.

"मेहेरभाऊ," मी म्हणाले, "एक वर्तुळ राहिलं असताना तुम्ही फाईल पुरी कशी करता?"

"पुरी कुठं केली?" ते म्हणाले. "पुरी असती तं छापली नसती?"

 मग त्यांनी माझी फाईल उघडली आणि मोठ्या कागदावर नकाशा छापला. भारत, महाराष्ट्र, आठ तालुक्यांचा आमचा स्वतंत्र जिल्हा, आणि त्यात पंधरा भरीव वर्तुळं, एकही इकडचं तिकडे नाही. सोमवारी प्रबंध जमा झाला. मार्गदर्शक मॅडम नकाशा बराच वेळ बघत होत्या. "हा कुणी काढला? पाड्यांवर जाऊन आल्यासारखा वाटतो," म्हणाल्या.

त्या गुरुवारी निघताना मी पर्समधून यादी काढली होती. 'नकाशा', बरोबरची खूण. 'चुकीची फाईल परत मागणे', ही ओळ मी खोडून टाकली. मग सातवा क्रमांक मेहेरभाऊंसमोर धरला आणि फोनवर पासपोर्टचा अर्ज उघडला. नाव, जन्मगाव, पत्ता त्यांनी नीट सांगितलं. कार्यालयात जायचा दिवस निवडायची वेळ आली तेव्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

"पुढचा मंगळवार मोकळा आहे," मी म्हणाले.

"मंगळवारी विक्रमगडचा एक विद्यार्थी येणार हाय."

"त्याची चूक वहिनी ठेवून घेतील."

वहिनी पदर तोंडावर धरून हसल्या. मेहेरभाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून यादी घेतली, टेबलावर ठेवली, खुर्ची किंचित उत्तरेला सरकवली, आणि सातव्या क्रमांकापुढे, जिथे मी बरोबरची खूण करते तिथे, टोकदार पेन्सिलीने एक लहानसं वर्तुळ काढलं.

मंगळवारची वेळ मी घेऊन ठेवली आहे. स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं आहे. बाकीच्या सगळ्या कामांवर खुणा झाल्या, म्हणून आज मी नवी यादी केली आणि उरलेलं एकच काम तिच्यावर उतरवून घेतलं, वर्तुळासकट. ते अजून पोकळ आहे.